जोडणी उघडी, प्रवाह मात्र थांबलेला

प्रश्न : दूरच्या संवेदकांची मोजमापे थेट पुरवणाऱ्या एका सेवेशी वेबसॉकेटद्वारे (दोन्ही बाजूंना संदेश पाठवता येणाऱ्या, सतत उघड्या जोडणीद्वारे) जोडलेली राहणारी आणि येणारे प्रत्येक मोजमाप डेटाबेसमध्ये नोंदवणारी पायथनची स्क्रिप्ट मी लिहिली आहे. त्यासाठी ‘वेबसॉकेट-क्लायंट’ ही लायब्ररी वापरली असून तिचे ‘रन फॉरेव्हर’ हे फंक्शन कोणताही पर्याय न देता चालवतो. दिवसभर स्क्रिप्ट सुरळीत चालते. रात्री मोजमापे विरळ होतात, आणि सकाळी पाहावे तर नोंदी कित्येक तासांपूर्वीच थांबलेल्या असतात. प्रोसेस चालू दिसते, त्रुटीचा एकही संदेश नसतो. जोडणी तुटल्यास पुन्हा जोडण्याचा कोड मी लिहिला आहे, पण तो कधी चालतच नाही. स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू केली की मोजमापे लगेच येऊ लागतात. सध्या ती दर तासाला आपोआप बंद-चालू करण्याची सोय केली आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या पुन्हा जोडण्याच्या कोडमध्ये बहुधा काहीच चूक नाही. तो चालत नाही, कारण जोडणी तुटल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती का पोहोचत नाही हे एकदा नीट समजले की पुढचे सर्व उपाय आपोआप सुचतात, म्हणून आधी तेच पाहू.

वेबसॉकेट ज्या टीसीपी या संपर्कनियमावर चालते, त्याची जोडणी म्हणजे दोन यंत्रांमध्ये ताणलेली तार नव्हे. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली ती एक नोंद असते. एका बाजूने जोडणी रीतसर बंद केली, तर तसे सांगणारे पॅकेट दुसऱ्या बाजूला मिळते आणि स्क्रिप्टला ते कळते. पण समोरचे यंत्र वीज जाऊन बंद पडले, किंवा वाटेतल्या एखाद्या उपकरणाने ही जोडणी आपल्या तक्त्यातून काढून टाकली, तर असे पॅकेट पाठवायला कोणीच उरत नाही आणि आपल्या बाजूची नोंद जशीच्या तशी राहते. जी बाजू काही पाठवते तिला पोच न मिळाल्यामुळे निदान शंका तरी येते. लिनक्स तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवून पाहते आणि नेहमीच्या मांडणीत साधारण १५ मिनिटांनी जोडणी मेली असे जाहीर करते. तुमची स्क्रिप्ट मात्र केवळ ऐकते. तिने काही पाठवलेले नसल्यामुळे तिला कोणाच्या पोचेची वाट पाहायची नसते, आणि म्हणून मेलेल्या जोडणीवरही ती कितीही काळ कान लावून बसू शकते.

यावर टीसीपीत ‘कीप-अलाइव्ह’ ही तपासणी आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. १९८९ सालच्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजानुसार ती मुळात बंद असते, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर पहिली चाचपणी किमान दोन तासांच्या शांततेनंतरच होते. लिनक्सवर हे आकडे असे आहेत : ७,२०० सेकंद शांतता, त्यानंतर दर ७५ सेकंदांनी एक याप्रमाणे ९ चाचपण्या. म्हणजे ही तपासणी सुरू केली, तरी जोडणी मेल्याचा निर्वाळा मिळायला दोन तास अकरा मिनिटे लागतील. २००८ सालच्या आरएफसी ५३८२ने याच दोन तासांचा विचार करून, पत्ते बदलून देणाऱ्या ‘नॅट’ उपकरणांनी शांत जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे राखावी असे सांगितले आहे. प्रत्यक्षात अनेक उपकरणे इतका धीर धरत नाहीत. अॅमेझॉनच्या क्लाउडमधील नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेली जोडणी सोडून देतो आणि त्या वेळी कोणत्याही टोकाला तसे कळवत नाही. तुमची मोजमापे रात्री विरळ होतात आणि नेमके तेव्हाच सारे थांबते, हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील आहे. तुमच्या वाटेवर असेच काही उपकरण असावे, असा माझा कयास आहे.

तरीही कयासावर उपाय करू नका. पुढच्या वेळी स्क्रिप्ट थांबलेली दिसली की ती लगेच बंद-चालू करण्याचा मोह आवरा. कारण त्या थांबलेल्या अवस्थेतच सगळा पुरावा असतो आणि पुन्हा सुरू करताच तो नाहीसा होतो. पहिली शंका अगदी साधी आहे : स्क्रिप्ट खरोखर थांबली आहे, की फक्त तिचा लॉग थांबला आहे? पायथनचे आउटपुट टर्मिनलवर ओळीओळीने दिसते, पण तेच फाइलमध्ये वळवले की मोठा साठा जमेपर्यंत अडवून ठेवले जाते. तुमच्या डेटाबेसमध्येच खंड पडलेला असल्यामुळे तुमच्याबाबतीत ही शंका उरत नाही. केवळ लॉग पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांनी मात्र पायथन ‘यू’ या पर्यायासह चालवून पाहावे.

त्यानंतरचा प्रश्न असा की मजकूर येतच नाही, की आलेला मजकूर स्क्रिप्ट उचलत नाही? लिनक्सवर ‘एसएस’ या कमांडला टी, आय, एन आणि पी हे पर्याय देऊन आपल्या प्रोसेसची ओळ शोधा. तिच्यातील ‘रिसीव्ह-क्यू’ हा आकडा म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचलेले, पण स्क्रिप्टने अजून न उचललेले बाइट. त्याच ठिकाणी शेवटचा मजकूर येऊन किती मिलिसेकंद झाले, हेही दिसते. रांग शून्य असेल आणि शेवटचा मजकूर तासाभरापूर्वीचा असेल, तर वाटेत किंवा पलीकडे काही बिघडले आहे. रांगेत हजारो बाइट साचलेले असतील आणि आकडा उतरत नसेल, तर प्रवाह दारापर्यंत आलेला आहे आणि दार आपणच उघडत नाही आहोत. जोडणीची अवस्था ‘क्लोज-वेट’ अशी दिसली, तर पलीकडच्याने जोडणी रीतसर बंद केली आहे आणि आपल्या स्क्रिप्टने त्याची दखल घेतलेली नाही. तो दोष निर्विवादपणे आपल्या कोडचा.

या आकड्यांच्या जोडीला ‘पाय-स्पाय’ या साधनाची ‘डंप’ कमांड चालवा. चालू प्रोसेसला धक्का न लावता तिचा प्रत्येक थ्रेड (प्रोसेसमध्ये समांतर चालणारे काम) या क्षणी कोणत्या ओळीवर उभा आहे, हे ती दाखवते. ही पायरी गाळू नये असे मी आग्रहाने सांगतो. काही लायब्रऱ्या आलेला मजकूर पार्श्वभूमीत उचलून स्वतःच्या रांगेत ठेवतात, त्यामुळे यंत्राची रांग रिकामी दिसूनही स्क्रिप्ट अडकलेली असू शकते. माझ्या एका स्क्रिप्टच्या बाबतीत मी दोन दिवस नेटवर्कमध्ये दोष शोधत होतो, आणि शेवटी थ्रेड उभा होता तो डेटाबेसमध्ये नोंद करणाऱ्या ओळीवर. दुसऱ्या एका प्रोसेसने तक्त्याला कुलूप लावून ठेवले होते आणि माझी स्क्रिप्ट ते उघडण्याची वाट पाहत होती. प्रवाहाचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

तुमच्या स्क्रिप्टचा थ्रेड जर असा वाचनाच्या ओळीऐवजी नोंदीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेला विचारणा करण्याच्या ओळीवर सापडला, तर त्या ओळीला वेळेची मर्यादा घाला. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी मर्यादा दिली नाही तर उत्तराची बेमुदत वाट पाहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय वाचन आणि नोंदणी ही कामे वेगळी करा : एका थ्रेडने फक्त मजकूर उचलून ठरावीक क्षमतेच्या रांगेत टाकावा आणि दुसऱ्याने त्या रांगेतून घेऊन नोंदवावा. रांग भरली तर जुने टाकायचे की नवे, हे आधीच ठरवा. वाचन मंदावले की टीसीपी पाठवणाऱ्याला हळूहळू थांबवते, त्याच्याकडे साठा वाढत जातो, आणि अनेक सेवा अशा मंद ग्राहकाची जोडणी स्वतःहून तोडतात. एकाच थ्रेडमध्ये अनेक कामे आळीपाळीने चालवणारी पायथनची ‘असिंकआयओ’ ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी अधिक जपावे. तिथे संदेश हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये साधे ‘टाइम-स्लीप’ घातले, तरी तेवढा वेळ ही कामे चालवणारा पूर्ण इव्हेंट लूप थांबतो आणि समोरून आलेल्या पिंगलाही, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ या विचारणेलाही, उत्तर जात नाही.

आता रांग शून्य निघाली आणि थ्रेड वाचनाच्या ओळीवरच उभा असला, म्हणजे माझा कयास खरा ठरला, तर काय करावे ते सांगतो. वेबसॉकेटचे प्रमाण ठरवणाऱ्या डिसेंबर २०११च्या आरएफसी ६४५५मध्ये यासाठीच पिंग आणि पाँग या दोन नियंत्रण चौकटी दिल्या आहेत : एका बाजूने पिंग पाठवायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याला पाँगने उत्तर द्यायचे. ‘वेबसॉकेट्स’ नावाची जी दुसरी लायब्ररी आहे, ती दर २० सेकंदांनी पिंग पाठवते आणि २० सेकंदांत उत्तर न आल्यास जोडणी मोडते. हे तिथे न सांगता घडते. तुम्ही निवडलेल्या ‘वेबसॉकेट-क्लायंट’मध्ये मात्र ‘पिंग-इंटरव्हल’ सांगितल्याशिवाय शून्य असतो, म्हणजे पिंग जातच नाही. तुमच्या अडचणीचे मूळ इथे आहे. ‘रन फॉरेव्हर’ला ‘पिंग-इंटरव्हल’ २० आणि ‘पिंग-टाइमआउट’ १० असे द्या. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहानच हवा, नाहीतर लायब्ररी सुरुवातीलाच हरकत घेते. दर २० सेकंदांनी काहीतरी ये-जा होत राहिल्याने वाटेतल्या उपकरणाला ही जोडणी शांत वाटणार नाही. आणि तरीही ती मेलीच, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्रुटी उठेल आणि तुमचा पुन्हा जोडण्याचा कोड अखेर चालेल.

एवढ्यावर थांबू नका. पाँग आला याचा अर्थ समोरचा सर्व्हर किंवा त्याच्या पुढे बसवलेला प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) जिवंत आहे, इतकाच होतो. तुमची सदस्यता, म्हणजे कोणती मोजमापे तुम्हाला हवीत ही नोंद, पलीकडे गळून पडली असेल, किंवा मोजमापे पुरवणारा मागचा भाग बंद पडला असेल, तरी पाँग वेळेवर येत राहतो. म्हणून खुद्द मोजमापांवरच नजर ठेवणारा पहारा हवा. प्रत्येक मोजमाप नोंदवून झाल्यावर ‘मोनोटोनिक’ घड्याळाची वेळ टिपा, आणि वेगळ्या थ्रेडमधून काही सेकंदांनी ती तपासून, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शांतता झाली असेल तर जोडणी मोडून नव्याने जोडा. भिंतीवरच्या घड्याळासारखी बदलता येणारी वेळ यासाठी वापरू नका, कारण ती यंत्राने दुरुस्त केली की हिशेब चुकतो. मर्यादा किती ठेवायची, याचे उत्तर तुमच्याच नोंदींत आहे : ज्या रात्री सारे सुरळीत चालले, त्या रात्रींच्या दोन मोजमापांमधले सर्वांत मोठे अंतर काढा आणि त्याच्या दोन-तीन पट मर्यादा ठेवा. रात्रीची शांतता खरीखुरी असेल आणि अंतर फारच मोठे निघाले, तर त्याच सेवेतील सतत मोजमापे देणारा एखादा संवेदकही मागवा, म्हणजे त्याच्या येण्यावरून प्रवाह जिवंत असल्याची खात्री मिळत राहील.

पुन्हा जोडताना जुनी जोडणी पूर्ण बंद करा, परवान्याचा टोकन मुदत संपणारा असेल तर नवा घ्या, आणि सदस्यतेचा संदेश पुन्हा पाठवा. नव्या जोडणीला जुन्या सदस्यतेची काहीही माहिती नसते. दोन प्रयत्नांमधला वेळ १, २, ४, ८ सेकंद असा वाढवत एका कमाल मर्यादेपर्यंत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, म्हणजे सर्व्हर पुन्हा उभा राहताच सगळे ग्राहक एकाच क्षणी त्याच्यावर धावून जाणार नाहीत. हा वाढलेला वेळ मूळ एका सेकंदावर आणायचा तो जोडणी झाल्यावर नव्हे, तर पहिले मोजमाप हाती आल्यावर. जोडणी स्वीकारून लगेच तोडणाऱ्या सर्व्हरशी गाठ पडली, तर या एका फरकामुळे तुमची स्क्रिप्ट त्याच्यावर सेकंदासेकंदाला आदळत राहणार नाही. बंद होतानाचा कोडही लॉगमध्ये नोंदवा. १००८ म्हणजे धोरणाचे उल्लंघन. तो आला तर पुन्हा पुन्हा जोडण्यात अर्थ नाही, आधी कारण शोधले पाहिजे. १००६ हा कोड मात्र समोरून कधीच येत नाही. निरोपाशिवाय जोडणी तुटली असे आपलीच लायब्ररी त्यातून सांगत असते.

दर तासाच्या बंद-चालूबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. प्रवाह मेल्यानंतर तो तास संपेपर्यंतची मोजमापे त्यात जातातच, चांगली चाललेली जोडणीही विनाकारण तुटते, आणि मूळ दोष इतका झाकला जातो की तो वाढला तरी कळत नाही. शेवटचा आधार म्हणून बाहेरचा पहारेकरी हवाच असेल, तर लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या ‘सिस्टम-डी’चा वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळेत खूण न आल्यास प्रोसेस थांबलेली मानणारी सोय, वापरा आणि त्याला जिवंत असल्याची खूण वेळापत्रकानुसार न पाठवता मोजमाप नोंदवल्यानंतरच पाठवा. प्रोसेस चालू आहे का, एवढेच पाहणारी तपासणी तुमच्या प्रत्येक रात्री उत्तीर्ण झाली असती.

हे सर्व बसवल्यावर थांबण्याची वाट न पाहता ते मुद्दाम घडवून आणा. चाचणीच्या यंत्रावर फायरवॉलमध्ये त्या सर्व्हरकडून येणारी पॅकेट गुपचूप टाकून देण्याचा नियम लावा. नकाराचे उत्तर पाठवणारा नियम चालणार नाही, कारण त्यातून त्रुटी लगेच उठते आणि मूळ शांतता तयारच होत नाही. दुसरी चाचणी म्हणून स्वतःचा छोटा सर्व्हर चालवून त्याला ‘स्टॉप’ संकेत पाठवा. ती प्रोसेस गोठते, पण तिच्या यंत्राचे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) टीसीपीच्या चाचपण्यांना उत्तरे देतच राहते. म्हणून इथे कीप-अलाइव्ह फसतो आणि पिंग दोष पकडतो. तिसऱ्या चाचणीत सर्व्हर पाँग देत राहील, पण मोजमापे पाठवणे बंद करेल असे करा. तेव्हा फक्त तुमचा मोजमापांवरचा पहाराच जागा व्हायला हवा.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट वेबसॉकेट वापरत नाही, एचटीटीपीवरून चालणारा ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’चा प्रवाह वाचते. सर्व्हर आमचाच असून त्याच्यापुढे प्रॉक्सी म्हणून एन्जिनएक्स आहे. घटना कधी घोळक्याने येतात, आणि काही काळ घटना नसली की बरोबर एका मिनिटाने जोडणी तुटते. सर्व्हरला थेट जोडल्यास असे होत नाही.

उत्तर : ‘बरोबर एका मिनिटाने’ या शब्दांतच निदान आहे. नेटवर्कचे बिघाड घड्याळ पाहून होत नाहीत. अचूक आकड्याने तुटणारी जोडणी कोणीतरी ठरवून तोडत असतो. एन्जिनएक्सचा ‘प्रॉक्सी-रीड-टाइमआउट’ मुळात ६० सेकंदांचा असतो आणि तो मोजला जातो मागच्या सर्व्हरकडून झालेल्या दोन लागोपाठच्या वाचनांमध्ये. हा आकडा वाढवता येईल, पण त्यापेक्षा सर्व्हरनेच दर १५ सेकंदांच्या आसपास विसर्गचिन्हासारख्या अपूर्णविरामाने सुरू होणारी ओळ पाठवावी. या प्रवाहाच्या प्रमाणात अशी ओळ टिप्पणी मानली जाते आणि वाचणाऱ्याने ती सोडून द्यायची असते. तुमची स्क्रिप्ट तिचा मजकूर सोडून देईल, पण ती आल्याची वेळ टिपून पहाऱ्यासाठी वापरेल. त्यानंतर ‘रिक्वेस्ट्स’मध्ये वाचनाची मर्यादा ४५ सेकंद ठेवलीत तरी चालेल, कारण ती संपूर्ण प्रतिसादासाठी नसून दोन वेळा आलेल्या बाइटमधल्या शांततेसाठी असते.

घोळक्याने येण्याचे कारण वेगळे आहे. एन्जिनएक्स मागून आलेला प्रतिसाद आधी स्वतःजवळ साठवतो. हे साठवणे त्या मार्गापुरते बंद करा, किंवा सर्व्हरच्या प्रतिसादात ‘एक्स-अॅक्सेल-बफरिंग’ या शीर्षकाला ‘नो’ असे मूल्य द्या. पडताळून पाहताना ‘कर्ल’ या कमांडला मोठ्या लिपीतील ‘एन’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर साठवणारा कर्लच असायचा आणि दोष एन्जिनएक्सवर जायचा.

प्रश्न : आमची स्क्रिप्ट आता तुटलेली जोडणी वेळेवर ओळखते आणि पुन्हा जोडते. पण मधल्या काही सेकंदांची मोजमापे हरवतात, तर काही दोनदा नोंदवली जातात. हे टाळता येईल का?

उत्तर : हे कितपत टाळता येईल ते सेवेवर अवलंबून आहे. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये प्रत्येक घटनेला ओळखक्रमांक देता येतो आणि पुन्हा जोडताना ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ या शीर्षकातून शेवटचा मिळालेला क्रमांक कळवता येतो. ब्राउझर हे आपोआप करतो. स्क्रिप्टमध्ये ते बहुधा तुम्हालाच लिहावे लागेल, आणि मागच्या घटना पुन्हा देण्याची तयारी सर्व्हरचीही हवी. वेबसॉकेटमध्ये अशी सोय प्रमाणातच नाही. सेवा मागील मोजमापे वेगळ्या विनंतीने देत असेल, तर क्रम पाळा : आधी नवी जोडणी उघडून येणारी मोजमापे रांगेत साठवू लागा, मग मागील मोजमापे मागवून नोंदवा, आणि त्यानंतरच रांगेतील नोंदवा. उलट क्रमाने केल्यास विनंतीचे उत्तर मिळणे आणि जोडणी सुरू होणे यांच्यामधली मोजमापे निसटतात, आणि ही निसटलेली मोजमापे शोधणे फार कठीण असते.

या क्रमात काही मोजमापे दोनदा हाती येणारच. त्यासाठी तक्त्यात संवेदकाचा क्रमांक आणि मोजमापाची मूळ वेळ यांची मिळून अनन्य किल्ली ठेवा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. तुमच्या यंत्रावर मोजमाप पोहोचल्याची वेळ त्या किल्लीत घेऊ नका, कारण ती दर वेळी वेगळी असते. सेवा मागील मोजमापे देतच नसेल, तर खंड भरून काढता येणार नाही, पण तो लपूही देऊ नका. शेवटचे मोजमाप कधी आले आणि पुन्हा पहिले कधी आले, या दोन वेळा वेगळ्या तक्त्यात नोंदवा, आणि सरासरी काढणाऱ्या प्रत्येक अहवालाला तो तक्ता आधी वाचायला लावा.